ऑक्सिजनची वर्दी: पाणी आधी की व्हॉल्व्ह आधी?

साकीनाक्याच्या एका गाळ्यातून वर्दी आली, "सिलिंडर फुटला." पोहोचलो तेव्हा सिलिंडर जागच्या जागी उभा होता, शाबूत. फुटला होता रेग्युलेटर. पितळेचा तो गोळा अर्धा वितळून खाली ओघळला होता आणि गेजची काच समोरच्या पत्र्यात रुतली होती. गॅस कटिंग करणाऱ्या पोराच्या भुवया जळाल्या होत्या, एवढ्यावर निभावलं. विचारलं तर म्हणाला, "साहेब, नट घट्ट जात होता, म्हणून आट्यांना थोडं ग्रीस लावलं." पुढे चावी एका झटक्यात फिरवली. दीडशे बारचा ऑक्सिजन रेग्युलेटरच्या तोंडाशी एकदम दाबला गेला, दाबल्याने तापला आणि ग्रीसने पेट घेतला. काडी नाही, ठिणगी नाही.

अग्निशमन दलातल्या नव्या पोरांना मी हाच किस्सा आधी सांगतो, कारण आपलं बहुतेक शिक्षण "काय जळतंय" या प्रश्नाभोवती फिरतं. इथे विचारायचं ते "जाळतंय कोण". हा लेख त्या पोरांसाठी आहे. पण आपण पोहोचण्याआधीची पाच-दहा मिनिटं ज्यांच्या हातात असतात, त्या गाळेवाल्यांनी, वॉर्डातल्या सिस्टरनी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनीही वाचायला हरकत नाही.

२१ आणि ३० यांतला फरक

ऑक्सिजन जळत नाही, जळायला मदत करतो, हे शाळेत सगळे शिकतो आणि तिथेच गफलत होते. "जळत नाही ना, मग काय बिघडतं?" हवेत ऑक्सिजन असतो २०.९ टक्के. हवेतला ऑक्सिजन मोजणाऱ्या डिटेक्टरचा वरचा अलार्म सहसा २३.५ वर लावलेला असतो, म्हणजे जेमतेम अडीच टक्क्यांची वाढ झाली की ती हवा धोक्याची.

एक हिशेब करून बघा. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी बंद खोली म्हणजे ६० घनमीटर. रुग्णालयातल्या मोठ्या, जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर ऑक्सिजन असतो. तो या खोलीत पूर्ण गळला, तर हवेतलं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांवर जातं. त्या हवेत चादर, केस, सुती कपडे, प्लास्टिकच्या नळ्या क्षुल्लक ठिणगीने पेटतात, आग भराभर पसरते आणि जास्त तापते. एरवी जे धुमसत राहिलं असतं, ते तिथे भडकतं. आपला फायर सूटही साध्या हवेचा विचार करून बनवलेला असतो. ऑक्सिजन वाढलेल्या हवेत त्याच्यावर तेवढा भरवसा ठेवायचा नाही.

लोखंडसुद्धा जळतं. खोटं वाटत असेल तर जहाजं तोडतात तिथे जाऊन पत्रे कापताना बघा. ज्योत पत्रा फक्त लालभडक करते. त्यानंतर कटरवाला जो खटका दाबतो, तो नुसत्या ऑक्सिजनचा. तिथून पुढे लोखंडच जळत जातं.

या वायूला रंग नाही, वास नाही. श्वास घेतला तरी वेगळं काही वाटत नाही. क्लोरीनसारखा विषारी वायू खोकला तरी आणतो, हा काहीच सांगत नाही.

वर्दी घेताना

कंट्रोल रूमने किंवा वाटेत असताना तुम्ही फोनवर इतकं तरी काढून घ्यायचं: सिलिंडर किती, रंग कोणता, सुटा आहे की मॅनिफोल्डला, म्हणजे अनेक सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या पाइपला, जोडलेला, आवाज येतोय का, जवळ काय जळतंय आणि गॅस बंद करता येईल असा माणूस जागेवर आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. रुग्णालय असेल तर त्यांच्या गॅस टेक्निशियनला गेटवर उभं करायला सांगा. तो सापडला नाही तर तुम्ही मजले चढत राहता आणि वेळ जातो.

रंगाची ओळख पाठ हवी. काळा सिलिंडर औद्योगिक ऑक्सिजनचा. काळ्या अंगावर पांढरा खांदा असेल तर वैद्यकीय ऑक्सिजन. निळा नायट्रस ऑक्साइडचा, मरून रंगाचा अ‍ॅसिटिलीनचा, सोनेरी पिवळा क्लोरीनचा. वाहनावर किंवा टाकीवर युनायटेड नेशन्सचा नंबर दिसला तर १०७२ म्हणजे दाबाखालचा ऑक्सिजन, १०७३ म्हणजे द्रवरूप, १०७० म्हणजे नायट्रस ऑक्साइड. पिवळ्या फलकावर ज्योत असेल आणि ज्योतीखाली गोल असेल, तर तो ऑक्सिडायझर. गोल नसलेली ज्योत लाल फलकावर असते, ती ज्वलनशील पदार्थाची. घाईत ही दोन चिन्हं सारखीच भासतात.

गाडी कुठे लावायची

वारा पाठीवर घ्या. मुंबईत दुपारी वारा बहुधा समुद्राकडून येतो आणि हिवाळ्याच्या पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातो. पण दोन टॉवरांच्या मधल्या गल्लीत तो कुठूनही फिरतो, म्हणून झाडाच्या फांदीकडे नाहीतर कुणाच्या गॅलरीतल्या वाळणाकडे बघून ठरवा.

आंतरराष्ट्रीय आपत्कालीन मार्गदर्शिकेत या वायूंसाठी जी अंतरं दिली आहेत ती अशी: गळती असेल तर सुरुवातीला सगळ्या बाजूंनी किमान १०० मीटर मोकळं, मोठी गळती असेल तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे, ५०० मीटर, आणि टँकर किंवा मोठी टाकी आगीत सापडली असेल तर चहूकडे ८०० मीटर. आकडे चांगले आहेत, मुंबई मात्र त्यांच्या मापाने बांधलेली नाही. परळमध्ये केईएमच्या दारात कंपासचं टोक ठेवून ८०० मीटरचं वर्तुळ काढलं तर टाटा आणि वाडिया ही दोन्ही रुग्णालयं आत येतात. एवढे रुग्ण रस्त्यावर आणणं शक्य नसतं. तेव्हा मोठ्या वर्तुळात निदान रहदारी थांबवा, खालच्या अंगाच्या खिडक्या बंद करायला लावा, चहाच्या टपरीपासून डिझेल जनरेटरपर्यंत सगळी विस्तव-ठिणगी विझवा. १०० मीटरच्या आतलं वर्तुळ मात्र सक्तीचं. त्यात तडजोड नाही.

सिलिंडर आगीत असेल तर

गाळ्यातली आग बहुतेक वेळा साधीच असते: लाकूड, रबर, ऑइल, वायर. ती विझवायला जे लागतं तेच वापरायचं, आणि ऑक्सिजन जवळ असेल तर भरपूर पाणी सगळ्यात भरवशाचं. कोंडून, झाकून, कार्बन डायऑक्साइड मारून विझवण्याची पद्धत इथे तोकडी पडते. आपण बाहेरची हवा तोडतो, पण आतून पुरवठा चालूच असतो.

पुरवठा थांबवता येत असेल तर तेच पहिलं काम. व्हॉल्व्हपर्यंत सुरक्षित पोहोचता येत असेल तरच, आणि हातमोजे बघून. पंपाला, हायड्रॉलिक कटरला हात लावलेले मोजे तेलकट असतात. त्याच मोज्यांनी ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह पकडणं म्हणजे साकीनाक्याच्या पोराचंच काम आपण करणं. प्रत्येक बंबावर स्वच्छ, कोऱ्या मोज्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा.

पोहोचता येत नसेल तर आडोशामागून, लांबून, सिलिंडरच्या अंगावर पाणी. शक्य असेल तर मॉनिटर, म्हणजे माणसाशिवाय चालणारी पाण्याची तोफ, लावा आणि माणसं मागे घ्या. पाणी अंगावर मारायचं. गळती होतेय तिथे किंवा सेफ्टी व्हॉल्व्हवर धार धरायची नाही. थंड वायू सुटत असताना तिथे बर्फ धरतो आणि दाब मोकळा करणारी वाटच बंद होते. आवाज चढत गेला किंवा सिलिंडरचा रंग बदलू लागला तर हत्यारं टाकून मागे या. ब्रांच (होजच्या तोंडाची नळी) तिथेच राहिली तरी चालेल. ज्वाळांनी वेढलेल्या टाकीजवळ तर जायचंच नाही. आगीच्या झळेत न आलेले सिलिंडर धोका नसेल तरच बाहेर काढा, उभे धरून आणि व्हॉल्व्हवर टोपी लावून. आडवा पडून व्हॉल्व्ह मोडला तर तो भिंत फोडून जातो.

गाळ्यात ऑक्सिजनच्या शेजारी अ‍ॅसिटिलीन असतोच, ट्रॉलीवर जोडीने. रंग जळून गेले की कोणता कोण हे कळत नाही. अशा वेळी कटरवाल्यालाच विचारा, त्याला आपली ट्रॉली पाठ असते. बहुधा निळी नळी ऑक्सिजनची, लाल अ‍ॅसिटिलीनची. अ‍ॅसिटिलीनच्या जोडणीचे आटे डावे असतात आणि नटाच्या कडांवर खाचा असतात. हे थंड झाल्यावर हाताने बघायचं, तापलेला असताना नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर थंड झाला की बऱ्यापैकी शांत होतो. अ‍ॅसिटिलीन बाहेरून थंड लागला तरी आत विघटन चालू राहू शकतं, म्हणून तासभर पाणी आणि मग आणखी तासभर लांबून लक्ष. पाणी थांबवल्यावर अंगावरून वाफ निघते का, ओलावा झटपट वाळतो का, ते बघायचं. वाळला तर परत पाणी सुरू.

आयसीयू

इथे जरा थांबतो, कारण इथली चूक दोन्ही बाजूंनी जीव घेते.

२१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. पांढरे ढग सुटले. आग लागली नाही, कुणी भाजलं नाही. तरी वीसहून अधिक रुग्ण गेले, कारण वॉर्डातला पुरवठा तुटला. दोनच दिवसांनी विरारमध्ये एका आयसीयूत आग लागली. "ऑक्सिजन बंद करा" आणि "ऑक्सिजन बंद करू नका" ही दोन्ही वाक्यं आयसीयूत बरोबर असू शकतात. कोणतं कधी, ते आधी ठरलेलं असावं लागतं.

एका रुग्णालयातल्या वर्दीवर सिस्टर इन्चार्जने मला दारातच गाठलं. आत एका कोपऱ्यातल्या एसीतून धूर, सात पेशंट, तिच्या हातात चावी. "साहेब, व्हॉल्व्ह बंद करू का?" मी तिला उलट विचारलं, "व्हेंटिलेटरवर किती?" ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "तीन. तिघांनाही अंबू बॅगवर घेतलंय." म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीवर. एवढं उत्तर मिळाल्यावर निर्णय सोपा होता. "करा." बंद केल्यावर तिने घड्याळात बघून वेळ हातावर पेनने लिहिली. मी तेव्हापासून माझ्या पोरांना हेच शिकवतो.

क्रम असा. ज्या बेडजवळ आग आहे त्या बेडचा फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करणारी कळ, आधी बंद आणि पेशंट बाजूला. मग व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना अंबू बॅगवर, नाहीतर छोट्या सिलिंडरवर, पण तो सिलिंडर आगीपासून दूर नेल्यावरच उघडायचा. त्यानंतर झोन व्हॉल्व्ह, म्हणजे फक्त त्या भागाचा पुरवठा तोडणारा. मेन व्हॉल्व्ह नाही. मेन बंद केला तर वरच्या मजल्यावर ऑपरेशन चालू असलेला माणूस तुमच्या हिशेबात नसतो. झोन व्हॉल्व्हच्या पेटीवर कोणते बेड त्यावर आहेत हे लिहिलेलं असतं. ते मोठ्याने वाचा आणि सिस्टरकडून होकार घ्या. निर्णय रुग्णांची जबाबदारी असलेल्या डॉक्टर किंवा सिस्टरचा, सल्ला आपला. पण खोलीतच ज्वाळा असतील, आग ऑक्सिजनवर पोसली जात असेल आणि कुणी जबाबदार माणूस सापडत नसेल, तर वाट बघत बसू नका. बंद करा आणि माणसं बाहेर काढा.

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट: पेशंट उचलताना मास्क काढून उशीवर टाकतात आणि वायू चालूच. उशी, गादी, चादर ऑक्सिजन पीत राहतात. हाय-फ्लो मशीनवर मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्रवाह असतो. असे दहा बेड म्हणजे तासाला ३६ घनमीटर, पाच जम्बो सिलिंडर खोलीत ओतल्यासारखे. मास्क काढण्याआधी फ्लोमीटर शून्यावर, हे वॉर्डबॉयपासून सगळ्यांना माहीत हवं.

मुंबईतल्या बऱ्याच आयसीयूंच्या काचा सील केलेल्या असतात, एसी आतलीच हवा फिरवतो. आग विझल्यावरही डिटेक्टरचा आकडा २३.५ च्या खाली येईपर्यंत आत वायर ओढणं, मशीन चालू करून बघणं, इलेक्ट्रिशियनला बोलावणं, काही नाही. आणखी एक: डिटेक्टरचा ज्वलनशील वायूचा सेन्सर आणि त्याचं स्फोटरोधक प्रमाणपत्र, दोन्ही साध्या हवेसाठी आहेत. ऑक्सिजन वाढलेला असेल तर आधी ऑक्सिजनचा आकडा वाचा, दुसऱ्या आकड्यावर विसंबू नका.

एमआरआयचा विषय वेगळा, पण त्याच मजल्यावर असतो म्हणून सांगतो. ते चुंबक वीज गेली तरी चालू असतं. २०१८ च्या जानेवारीत नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एक तरुण त्या खोलीत गेला आणि जीवाला मुकला. आपल्या पाठीवरचा बीए सेटचा (श्वासाच्या उपकरणाचा) स्टीलचा सिलिंडरही तसाच खेचला जाईल. चुंबकाचं काय करायचं ते तिथल्या तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय दार उघडू नका.

रुग्णालयवाल्यांना एक कानपिचकी. एका मॉक ड्रिलला झोन व्हॉल्व्हच्या पेटीपुढे सलाईनच्या खोक्यांची छातीभर रास होती. ती हलवायला चार मिनिटं लागली.

टाकी गळतेय

आधी हे सांगतो की टाकीजवळच्या व्हेपोरायझरच्या, म्हणजे द्रवाचा वायू करणाऱ्या यंत्राच्या, पात्यांवर बर्फ असतोच, आणि दमट दिवसांत त्याभोवती धुकं फिरतं. ती गळती नाही. पलीकडच्या इमारतीतून "पांढरा धूर" म्हणून फोन येतात त्यातले काही इथलेच. टाकीच्या बाहेरच्या कवचावरच दव-बर्फ धरला असेल तर मात्र दोन कवचांमधली, आतली थंडी टिकवणारी निर्वात पोकळी बिघडली असण्याची शक्यता, आणि दाब चढणार. सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतोय तो आपलं काम करतोय. पुरवठादाराला बोलवा आणि लांब राहा.

द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो आणि एका लिटरचे साधारण ८६० लिटर वायू होतात. १३ किलोलिटरच्या टाकीत म्हणजे एक कोटी लिटरहून जास्त वायू बसलाय. सुटलेला थंड वायू जड असतो, जमिनीलगत सरपटतो, गटारात, बेसमेंट पार्किंगमध्ये, लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. दिसणारं धुकं हे हवेतल्या बाष्पाचं आहे. ऑक्सिजन त्या धुक्याच्या कडेपलीकडेही असतो. धुक्यात गाडी घालू नका, बाजूने चालतानाही डिटेक्टर पुढे धरा.

आता मुंबईचा खास मुद्दा: डांबर. द्रवरूप ऑक्सिजन डांबरी रस्त्यावर सांडला की ते मिश्रण नुसत्या धक्क्याने, बूट आपटून किंवा पडलेल्या पान्याने, स्फोट होऊ शकेल असं बनतं. त्यावर पाय ठेवायचा नाही, टायर न्यायचा नाही, होज ओढायचा नाही. बर्फ विरल्यानंतरही अर्धा तास तरी तिकडे फिरकू नका. लाकडाचा भुसा, चिंध्या, सुकी पानं, तेल यांच्यापासून गळती दूर ठेवा. द्रव शोषायला भुसा टाकण्याची आपली सवय इथे जीवावर बेतेल. सांडलेल्या द्रवावर थेट पाणी मारू नका. धुकं वळवायला लांबून फवारा चालतो. गटाराची तोंडं वाळूच्या पोत्यांनी अडवा, पोती स्वच्छ असतील तर.

द्रव अंगावर उडाला तर हिमदाह होतो. चोळायचं नाही, कोमट पाणी घालायचं, कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही, आधी त्यातला बर्फ वितळू द्यायचा. १०८ ला फोन करताना "भाजलंय" न म्हणता "अतिथंड द्रवाने" असं स्पष्ट सांगा.

निळा आणि पिवळा

नायट्रस ऑक्साइड थोडा गोडसर लागतो, गुंगी आणतो आणि आगीला ऑक्सिजनसारखाच पोसतो. त्यामुळे बीए सेट सक्तीचा. सिलिंडरमध्ये तो द्रवरूपात असतो, पण ३६ अंशांच्या वर सगळाच वायू होतो. मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीत तेवढं तापमान आगीशिवायही असतं.

क्लोरीन ऑक्सिडायझर असला तरी त्याचं विष हा पहिला धोका. २०१० च्या जुलैत शिवडीच्या हाजी बंदरात पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून तो गळला होता, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. तो हवेच्या अडीचपट जड, म्हणून लोकांना उंचावर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या. गळतीच्या जागी पाणी मारलं की आम्ल बनतं आणि भोक मोठं होतं. बंद करायला खास किट आणि शिकलेली माणसं लागतात. ती येईपर्यंत आपलं काम माणसं हलवणं.

परत निघण्याआधी

ऑक्सिजनच्या ढगात गेलेला प्रत्येक माणूस किमान १५ मिनिटं, जमल्यास अर्धा तास, मोकळ्या हवेत, कपडे सैल करून, झटकून. तोवर विडी-सिगारेट नाही, गाडीच्या इंजिनाशी खुडबुड नाही. सूटच्या अस्तरात, कॉलरच्या घडीत, केसांत वायू अडकून राहतो. मेसमध्ये शेगडीपुढे उभं राहिल्यावर आठवण होण्यापेक्षा हे बरं.

आगीतून निघालेल्या सिलिंडरवर खडूने मोठी फुली मारा, थंड केल्याची शेवटची वेळ लिहा आणि पुरवठादाराच्या हवाली करून सही घ्या. मालकाच्या हातात देऊ नका. साकीनाक्याचा गाळेवाला माझ्या मागे जिन्यापर्यंत आला होता. "साहेब, सिलिंडर भाड्याचा आहे, वरून चांगला दिसतोय, डिपॉझिट जाईल माझं." मी त्याला वितळलेला रेग्युलेटर दाखवला. तो म्हणाला, "तो दुसरा घेतो ना."